वाचकांचे प्रश्न : थायरॉइडची गोळी आणि रात्री बधिर होणारा हात

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच दुखण्याभोवतीची असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. मी घरी ब्लाउज शिवण्याचे काम करते. सहा महिन्यांपासून रात्री दोन-तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन मला जाग येते. उठून हात झटकला, थोडा वेळ पलंगाखाली लोंबता सोडला, की बरे वाटते. आता कात्री चालवताना, भाकरी थापताना आणि मोबाइल कानाला धरला तरी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होतात. डाव्या हातालाही सुरुवात झाली आहे. वर्षभरात वजन सात किलो वाढले, थंडी सोसत नाही, पाळीत रक्तस्राव जास्त होतो. टीएसएच २८ आल्याने तीन आठवड्यांपूर्वी थायरॉइडची गोळी सुरू झाली. हाडांच्या डॉक्टरांनी नसेची तपासणी करून ‘मध्यम स्वरूपाचे कार्पल टनेल’ असे सांगितले आणि शस्त्रक्रिया सुचवली. माझ्या जाऊबाई म्हणतात की थायरॉइड ताळ्यावर आला की हात आपोआप बरा होतो. मी थांबावे की शस्त्रक्रिया करून घ्यावी? — एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या जाऊबाईंचे म्हणणे निराधार नाही, पण ते अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग नीट समजून घेतला तर निर्णय तुम्हाला सोपा जाईल.

तळहात सुरू होतो तेथे, मनगटाच्या आतल्या बाजूला, एक अरुंद बोगदा असतो. डॉक्टरांनी सांगितलेले ‘कार्पल टनेल’ म्हणजे हाच बोगदा. त्याचा तळ आणि बाजू मनगटाच्या छोट्या हाडांच्या असतात आणि वरचे छत एका जाड, न ताणणाऱ्या अस्थिबंधाचे असते. या चिंचोळ्या जागेतून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची एक नस जाते. छत ताणले जात नसल्यामुळे आतल्या कशालाही थोडी जरी सूज आली तरी जागा कमी पडते आणि त्या गर्दीत सर्वांत मऊ असलेली नस दबते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांची संवेदना ही नस वाहते, म्हणून मुंग्या नेमक्या तेथेच येतात आणि करंगळी मात्र मोकळी राहते. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते, बोगद्यातला दाब वाढतो आणि त्यामुळे जाग येते. ‘रात्री उठून हात झटकते’ हे तुमचे एक वाक्य निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. हा आजार असलेली माणसे डॉक्टरांसमोर बसून तो झटका जसाच्या तसा करून दाखवतात.

आता थायरॉइडकडे वळू. (‘मला थायरॉइड आहे’ असे आपण सहज म्हणतो, पण ती ग्रंथी प्रत्येकाच्याच गळ्यात असते. तिचे काम कमी पडते आहे की जास्त होते आहे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगण्याची सवय लावून घ्यावी, कारण दोन्हींचे उपचार अगदी उलट आहेत.) तुमच्या ग्रंथीचे काम कमी पडते आहे. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे आणि थायरॉइड जितकी मंदावते तितका तो हुकूम वाढत जातो. बहुतेक प्रयोगशाळांमध्ये त्याची वरची मर्यादा चार ते पाचच्या आसपास असते, तेव्हा २८ हा आकडा स्पष्टपणे वाढलेला आहे.

थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की त्वचेखाली, सांध्यांच्या अस्तरात आणि कंडरांच्या वेष्टनात हायलुरोनिक आम्लासारखे, साखरेच्या लांब साखळ्यांचे चिकट पदार्थ साचू लागतात आणि ते पाणी धरून ठेवतात. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या डॉक्टरांनी ही सूज बारकाईने पाहिली होती. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये अशा स्त्रियांचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या स्थितीला मिक्सिडिमा, म्हणजे बुळबुळीत द्रव्याची सूज, असे नाव दिले. पायावरच्या साध्या सुजेवर बोट दाबले की खळगा पडतो. या सुजेवर तो पडत नाही, कारण आतले पाणी मोकळे नसून त्या चिकट पदार्थात धरलेले असते. सकाळी चेहरा आणि पापण्या जड वाटणे, बोटातली अंगठी घट्ट होणे हा याच प्रक्रियेचा भाग आहे, आणि मनगटाच्या बोगद्यातही नेमके हेच घडते. शिवाय संप्रेरकाच्या अभावाचा परिणाम नसेवरच्या आवरणावर थेटही होत असल्याने ती नस दाब सोसण्यास आधीच दुबळी झालेली असते. दोन्ही हातांना त्रास होणे हे शरीरातील अशा सर्वव्यापी कारणाशी जुळणारे आहे.

तरीही सगळे खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. मनगटाचा हा आजार चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांमध्ये तसाही जास्त आढळतो. वाढलेले वजन, मधुमेह, संधिवात आणि मनगट सतत जोराने वापरण्याचे काम ही त्याची स्वतंत्र कारणे आहेत, आणि तुमच्याकडे त्यांपैकी निदान दोन आहेत. वय आणि वजन हिशेबात घेतले की थायरॉइड आणि या आजाराचा संबंध उरतो, पण एरवी वाटतो त्यापेक्षा सौम्य दिसतो. म्हणूनच थायरॉइडच्या गोळीने तुमच्या हाताला बरेच बरे वाटण्याची शक्यता आहे, पण पूर्ण बरे वाटेलच अशी हमी कोणी देऊ नये.

आता तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर. गोळी सुरू होऊन तीनच आठवडे झाले आहेत. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉइडची गोळी, हे शरीरात हळूहळू साचणारे औषध आहे. त्याची पातळी स्थिर व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून टीएसएचची पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात आणि गरज पडल्यास मात्रा बदलतात. तो आकडा ताळ्यावर आल्यानंतरही साचलेला पदार्थ ओसरायला आणि दबलेली नस सावरायला आणखी काही काळ जातो. तुमचा आजार मध्यम स्वरूपाचा असेल, बधिरपणा येऊन-जाऊन असेल आणि अंगठ्याची ताकद शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय सुमारे तीन महिने पुढे ढकलणे माझ्या मते योग्य ठरेल. मात्र हे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून, त्यांच्या संमतीने करा. थायरॉइडचे निदान ताजे आहे, ही गोष्ट त्यांना कदाचित माहीतच नसेल. पुष्कळदा दोन डॉक्टरांच्या दोन फायली वेगळ्या राहतात आणि मधला धागा रुग्णालाच जोडावा लागतो.

हा काळ नुसता वाट पाहण्यात घालवू नका. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रोज रात्री दोन्ही हातांना बांधून झोपा. त्यात मनगट खाली किंवा वर वाकलेले नको, हात सहज सरळ ठेवल्यावर जसे दिसते तसे हवे. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या काही पट्ट्यांतील पट्टी मनगट मागे वाकवते, ती डॉक्टरांकडून सरळ करून घ्यावी. मोठी कात्री सलग चालवण्याऐवजी कापण्याचे काम दिवसभरात विभागून घ्या. एवढे करूनही रात्रीची झोप मोडत राहिली, तर बोगद्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन देता येते आणि त्याने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो.

मात्र बधिरपणा दिवसभर कायम राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर तीन महिने थांबू नका. शस्त्रक्रिया बहुधा तेवढाच भाग बधिर करून होते. तिच्यात बोगद्याचे छत असलेला अस्थिबंध कापून नसेला जागा करून देतात आणि सहसा त्याच दिवशी घरी जाता येते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तळहात दाबल्यावर दुखणे आणि पकड कमी असणे काही आठवडे, कधी काही महिने चालते, म्हणून शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर लग्नसराईच्या शिवणकामाच्या ऐन गर्दीत ती घेऊ नका.

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची असून चौदा वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेते. ती सकाळी दुधाच्या चहाबरोबर गोळी घेते आणि त्याच वेळी कॅल्शियमची आणि लोहाची गोळीही घेते. तीन वर्षांपासून टीएसएच तपासलेला नाही. तिच्या दोन्ही हातांना पूर्वी खूप मुंग्या यायच्या, त्यासाठी बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने झाली. आता मुंग्या गेल्या, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. पण अलीकडे तिला ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत आणि वाटी हातातून पडते. हे वयामुळे असेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मला काळजी वाटते ती मुंग्या गेल्याचीच. दबलेली नस कुरकुरते तोवर मुंग्या येतात. ती फारच खराब झाली की कुरकुर थांबते आणि बधिरपणा व दुबळेपणा मागे राहतो. घरच्यांना तो आजार ओसरल्यासारखा वाटतो, आणि म्हातारी माणसे तक्रार करत नसल्याने महत्त्वाचे महिने निघून जातात.

आज संध्याकाळी एक करा. आईला दिव्याजवळ बसवून दोन्ही हात तळवे वर करून मांडीवर ठेवायला सांगा आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बाजूने पाहा. तेथे भरीव मांसाऐवजी खोलगट सावली पडत असेल तर स्नायू झिजला आहे. मग अंगठा छताच्या दिशेने सरळ उभा करायला सांगून तो आपल्या एका बोटाने हलकेच खाली दाबा. निरोगी अंगठा सहज दाबला जात नाही. यांपैकी काहीही आढळले, किंवा नुसते हूक लागत नाहीत एवढ्यावरूनही, तिला याच आठवड्यात हाताच्या शस्त्रक्रियेच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि नसेची तपासणी करून घ्या. या अवस्थेत केवळ थायरॉइडची मात्रा सुधारून भागत नाही. शस्त्रक्रियेने पुढची झीज थांबवता येते आणि संवेदनाही काही प्रमाणात परत येऊ शकते, परंतु झिजलेला स्नायू पूर्वीसारखा भरेलच असे नाही, हे आधीच मनाशी धरून चला. सोबत मधुमेह आणि बी-१२ ची तपासणी करा, आणि मानेतील नस दबलेली नाही ना हेही डॉक्टरांना पाहू द्या.

गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी पुष्कळ घरांत पाहतो. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य असल्यास एक तास, चहा किंवा नाश्ता घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह आतड्यात या औषधाला बांधून टाकतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. ती दोन्ही दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाकडे सरकवणे सर्वांत सोपे. आई नियमाने गोळी घेत आली, पण त्यातील किती औषध शरीरात पोहोचत होते हे इतकी वर्षे कोणी पाहिलेले नाही. ही सवय बदलून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी, हात बरा होत नाही म्हणून घरच्या घरी गोळी वाढवू नका, कारण या वयात जास्त मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शने मात्र थांबवायला सांगा. बी-१२ कमी असेल तर तेवढेच द्यावे. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर ते स्वतःच नसांना इजा करते.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा असून दिवसभर संगणकावर काम करतो. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचे अर्धे बोट बधिर होते. थायरॉइडमुळे हात बधिर होतात असे कळल्यावर मी टीएसएच तपासला, तो थोडा कमी आला. केस गळतात म्हणून तीन महिने बायोटिनच्या गोळ्या घेत आहे. मला थायरॉइड जास्त असल्याचा आजार आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : करंगळीची नस मनगटाच्या त्या बोगद्यातून जात नाही. ती अल्नार नावाची वेगळी नस असून कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला चिकटून जाते. तेथे ठेच लागली की हाताला झिणझिण्या येतात, तीच ही नस. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणे, कोपर पूर्ण दुमडून तासन्‌तास मोबाइल धरणे किंवा तसेच झोपणे यांमुळे ती दबते. या सवयी महिनाभर सोडून पाहा. त्यानंतरही बधिरपणा राहिला, किंवा बोटे एकमेकांपासून फाकवायला ताकद कमी वाटली, तर नसेची तपासणी करून घ्या.

टीएसएचबद्दल सांगायचे, तर केसांसाठीच्या गोळ्यांमधले बायोटिन थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांच्या रसायनात लुडबुड करते. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि थायरॉइडचे संप्रेरक खोटे जास्त दिसू शकते, आणि अहवाल अगदी ‘थायरॉइड जास्त’ असल्यासारखा छापून येतो. बायोटिन किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करा आणि रक्त देताना प्रयोगशाळेत त्या गोळ्यांचे नाव सांगा. तोवर त्या अहवालावरून कोणतीही गोळी सुरू करू नका.