देवराई आणि निलगिरीच्या लागवडीत जमिनीवरचे भुंगेरे सारखेच सापडतात का?

नाही, सारखे नसतात. म्हणजे हे पाचोळ्यात, दगडाखाली पळणारे, अळ्या-गोगलगायी खाणारे काळे भुंगेरे, जगात यांच्या जवळजवळ 40,000 जाती आहेत. आपल्याकडं राधानगरी-दाजीपूरसारख्या जुन्या जंगलात किंवा देवराईत ओल, सावली, कुजकी लाकडं असतात, तिथं सावलीतल्या जाती टिकतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उडताच येत नाही, त्यामुळं झाडं एकदम साफ केली की ते लांब जाऊ शकत नाहीत आणि परत यायला पण खूप वर्षं जातात.

आता गंमत बघा, सगळी तोड झाल्यावर जातींची संख्या कधीकधी वाढते पण! कारण उन्हात, गवतात राहणारे भुंगेरे लगेच येतात. म्हणून नुसता आकडा बघून जंगल चांगलं आहे म्हणू नका, कुठल्या जाती आहेत ते बघा, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लागवडीत पण खाली झुडपं वाढू दिली, पडलेली लाकडं उचलली नाहीत, शेजारी जुनं जंगल असलं तर बराच फरक पडतो.

बघायचं असेल तर प्लास्टिकचा ग्लास जमिनीच्या बरोबरीनं पुरा, वर छप्पर करा, रोज सकाळी आत पडलेले भुंगेरे मोजून सोडून द्या. पण फक्त स्वतःच्या रानात हं, अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.