ॲरो नदीत सोनं धुण्यासाठी स्लूस बॉक्स घरी कसा बनवावा?

न्यूझीलंडमध्ये ॲरो नदीकाठच्या ॲरोटाउनला जाण्याआधी घरीच स्लूस बॉक्स (वाहत्या पाण्यात ठेवून वाळूतून सोनं वेगळं करणारी लांबट उघडी पेटी) बनवता येईल का आणि तो किती लांब हवा, असं तुम्ही विचारलं आहे. एका दिवसात बनतो. लांबी 1 मीटर पुरते. सोनं निसटतं ते बहुतेक वेळा पेटी आखूड म्हणून नाही, तर सोनं अडवणारी आतली मॅट तळाला घट्ट बसलेली नसते म्हणून.

12 मिमी वॉटरप्रूफ प्लायवुड घ्या. तळ 100 × 25 सेंमी, दोन्ही बाजू 15 सेंमी उंच. सांधे स्क्रूने आवळून सिलिकॉन भरा. वरचे 20 सेंमी तळावर फक्त रेघांचं काळं रबर लावा. बारीक सोनं तिथेच डोळ्यांना दिसतं आणि जागा बरोबर निवडली की नाही ते लगेच कळतं. पुढे मागचा थर नसलेली, वेटोळ्यांची व्हिनाइल पायपुसणी अंथरा, हीच मॅट. तिच्यावर एक्स्पांडेड मेटलची (पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली) जाळी ठेवा, आणि सर्वांत वर 20 मिमीच्या ॲल्युमिनियम अँगलच्या आडव्या पट्ट्या, दर 5 सेंमीला एक. जाळीच्या धारा प्रवाहाच्या दिशेला कललेल्या हव्यात, म्हणजे प्रत्येक धारेमागे छोटा भोवरा तयार होतो. सोन्याची घनता 19.3, गारेची (क्वार्ट्झची) 2.65, या भोवऱ्यात हलकी गार उचलली जाते आणि सोनं तळाला बसतं.

हे सगळं एका चौकटीत घेऊन बोल्ट आणि विंग नटने तळावर दाबून बसवा. एका कोपऱ्यात जरी फट राहिली तरी पाणी मॅटखालून वाहतं आणि साठलेलं सोनं धुऊन नेतं. चौकट सुटी ठेवली की दिवसातून दोनदा उघडून धुताही येते.

नदीत बसवताना 1 मीटरला 7–8 सेंमी उतार द्या. पट्ट्यांवरून पाणी 3–4 सेंमी वाहू द्या. मग पट्ट्यांमागे बघा. वाळू घट्ट बसून राहिली तर उतार कमी आहे किंवा तुम्ही माल (नदीतली वाळू-खडी) फार भरभर टाकताय. जागा पार धुऊन निघाली तर उतार जास्त आहे. अर्धी जागा भरलेली आणि वाळू हळूहळू फिरत असलेली, हे बरोबर. माल आधी 12 मिमीच्या चाळणीतून काढा आणि थोडा थोडा सोडा. फावडंभर एकदम ओतलं की भोवरे बुजतात.

खात्री हवी तर शिशाचे 10 बारीक तुकडे ठोकून चपटे करा, वरच्या टोकाला सोडा आणि चौकट उघडून मोजा. दहाही तुकडे वरच्या एक तृतीयांश भागात सापडायला हवेत. ते मोजून परत घ्या, नदीत सोडू नका. बागेच्या नळीने ही चाचणी होत नाही. 25 सेंमी रुंदीला तेवढं पाणी पुरत नाही.

ॲरोटाउनच्या ठरवून दिलेल्या फॉसिकिंग (हौसेने सोनं शोधण्याच्या) क्षेत्रात परवाना लागत नाही, पण साधनं हाताने चालणारीच हवीत. त्यामुळे मोटर किंवा पंप जोडायचा विचार सोडा.

शेवटी मॅट बादलीत खळखळून धुवा आणि खाली उरलेली काळी वाळू परातीत घोळवा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर पिठासारखं बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. काळ्या वाळूतलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज चुंबकाने ओढता येतं, मात्र चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आपल्याकडचे झारेकरी सराफाच्या दुकानातली माती धुतात तेही सोनं जड म्हणून तळाला बसतं याच तत्त्वावर. काही जण पुढे बारीक सोनं पकडायला पारा वापरायला सांगतील. त्याची वाफ फुप्फुसांत जाते, म्हणून तो घरात आणूच नका. उरलेले सोन्याचे कण चिमट्याने किंवा ड्रॉपरने उचलून पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीत ठेवा.