4 टीबी जुना बॅकअप: डिस्कवर ठेवू की क्लाउडवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप, शाहूपुरीत ऑफिस. दहा-बारा वर्षांची ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, टॅलीचे बॅकअप आणि फोटो मिळून साधारण 4 टीबी. एक एक्स्टर्नल डिस्क ऑफिसात, दुसरी नागाळा पार्कात घरी. हे सगळं अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हला (क्वचित लागणाऱ्या फाइलींचं स्वस्त क्लाउड-कोठार) टाकून डिस्क मोकळ्या कराव्यात का?

क्लाउडला टाका, पण डिस्क मोकळ्या करू नका. आणि ‘सगळं’ तर मुळीच टाकू नका.

कोल्हापुरात राहून ऑफिस आणि घर या दोन वेगळ्या जागा धरता येत नाहीत. 2019 आणि 2021, दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे 43. शाहूपुरीत पाणी, नागाळा पार्कच्या सखल भागात पाणी, शिरोलीला हायवे बंद. तुमच्या तिन्ही जागा एकाच नदीच्या तावडीत. त्यामुळे एक प्रत जिल्ह्याबाहेर हवीच, आणि त्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद रीजनमधला (म्हणजे तिथल्या सर्व्हरवरचा) क्लाउड सोयीचा.

आता डीप आर्काइव्ह. अमेरिकेतल्या रीजनचा दर टीबीला महिन्याला साधारण एक डॉलर, म्हणजे 4 टीबीचे वर्षाला पन्नास डॉलरच्या आत. भारतातला दर वेगळा आहे, तो त्यांच्या कॅल्क्युलेटरवर बघून घ्या. हा आकडा बघूनच सगळे भुलतात. पण हे मार्केट यार्डात गूळ कोल्ड स्टोरेजला टाकण्यासारखं आहे: भाडं कमी, माल काढायचा म्हटलं की वेळ आणि हमाली. फाइल मागितली की नेहमीच्या पद्धतीने 12 तासांपर्यंत थांबायचं, स्वस्त पद्धतीने 48 तासांपर्यंत. त्यावर इंटरनेटवरून डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे. महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, पुढे अमेरिकेतल्या दराने जीबीला 9 सेंट. म्हणजे 4 टीबी एकदा खाली उतरवायचे साडेतीनशे डॉलर, जवळजवळ सात वर्षांचं भाडं! म्हणून तर म्हणतो, डिस्क ठेवा. रोजची शोधाशोध डिस्कवर, क्लाउडची प्रत फक्त डिस्क गेल्यावर. शिवाय टाकलेली फाइल 180 दिवसांच्या आत काढून टाकली तरी पूर्ण 180 दिवसांचं भाडं लागतं. गूगलच्या आर्काइव्ह वर्गात फाइल लगेच उघडते, पण तिथे ही मुदत 365 दिवसांची आहे आणि वाचण्याचेही पैसे पडतात.

चालू वर्षाचा रोजचा बॅकअप त्यामुळे इथे आणूच नका. तो रोज बदलतो, जुना रोज पुसला जातो. त्याला साधं स्टोरेज बरं. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, 2022 पासून. वह्या जपायच्या आठ आर्थिक वर्षं. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने. मागची एखादी नोटीस किंवा अपील चालू असेल तर ती निकाली लागेपर्यंत काही पुसू नका, सीएंना विचारा.

अपलोडच्या आधी चाळण लावा. एकच ड्रॉइंग ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नवीन’ या नावांनी तुमच्याकडेही असणारच, प्रत्येकाकडे असतात. उरलेल्याचे वर्षवार, गिऱ्हाइकवार गठ्ठे बांधून झिप करा. याला कारण आहे: डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक फाइलमागे नोंदीसाठी 40 केबी जादा धरतात आणि प्रत्येक फाइल चढवायचेही पैसे पडतात, त्यामुळे लाखभर बारीक फाइल सुट्या टाकल्या की स्वस्ताई संपली. कोणत्या झिपमध्ये काय आहे याची यादी मात्र बाहेर ठेवा. नाहीतर एका रिपोर्टसाठी दहा झिप मागवाल. प्रत्येक झिपचा एसएचए-256 हॅशही (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) त्या यादीत लिहा, म्हणजे परत आलेली फाइल जशीच्या तशी आहे का हे कळतं. चढवायला आरक्लोन हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. 100 एमबीपीएस खरा अपलोड मिळाला तरी 4 टीबीला जवळपास चार दिवस लागतील, तेव्हा हे जूनच्या आत उरका.

रॅन्समवेअरची (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची) भीती असेल, आणि ती असावीच, तर बकेट, म्हणजे क्लाउडवरचा तुमचा कप्पा, बनवतानाच ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे पुसण्यावरचं कुलूप, चालू करा. त्यातल्या कम्प्लायन्स मोडमध्ये तुम्ही घातलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत कोणालाच पुसता येत नाही, मालकालाही नाही. त्यामुळे मुदत विचार करून टाका, भाडं तर चालूच राहणार. गूगल ड्राइव्हचं सिंक यात धरू नका. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं.

टेपचंही तुम्ही विचारलंय. एलटीओ टेप (बॅकअपची चुंबकीय कॅसेट) नीट ठेवली तर तीस वर्षं टिकते, पण ती वाचणाऱ्या ड्राइव्हची किंमत बघता 4 टीबीसाठी तो खटाटोप नको.

टॅलीच्या बॅकअपशेजारी दर वर्षाचे लेजर आणि डे बुक पीडीएफमध्ये काढून ठेवा, ड्रॉइंगच्या डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या) फाइलीशेजारी पीडीएफ. जुनी आवृत्ती चालवणारा कॉम्प्युटर दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. फाइली एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करून चढवल्या तर तो पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि क्लाउडचं खातं अकाउंटंटच्या किंवा कॉम्प्युटरवाल्याच्या खाजगी मेलवर उघडू देऊ नका. मेल फर्मचा, कार्ड फर्मचं, आणि कार्डाची मुदत कधी संपते हे घरातल्या दुसऱ्या एकाला माहीत हवं.