३० हजारांत लिनक्ससाठी कोणता लॅपटॉप घ्यावा? परभणीतला दुकानदार म्हणतो, 'लिनक्सवर वाय-फाय चालत नसतंय'

लॅपटॉपचं आधी उरकतो, कारण मला दुकानदाराच्या वाक्यावर बोलायचंय. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम.) वापरलेला थिंकपॅड टी४८० घ्या. आठव्या पिढीचा आय५, रॅमचे दोन्ही स्लॉट बदलता येणारे, आत इंटेलचं ८२६५ वाय-फाय कार्ड. टी४९० मध्ये रॅमचा एक भाग बोर्डावर सोल्डर असतो, ते लक्षात ठेवा. दोन्ही टाईप-सी पोर्टांवर चार्जर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या पिढीच्या सुरुवातीच्या थंडरबोल्ट (टाईप-सीतून चालणारा वेगवान जोड) फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता, त्याने पोर्ट जातात. लिनोवोने नवीन फर्मवेअर दिलंय, पण गेलेला पोर्ट त्याने परत येईलच असं नाही.

आता वाय-फाय. 'चालत नसतंय, विंडोज मारून देऊ का?' हे वाक्य नांदेडपासून बीडपर्यंत कुठल्याही काउंटरवर ऐकायला मिळतं. आमच्या मेहुण्यांनीही तेच ऐकलं. लिनक्स मिंट २१ (लिनक्सचा एक प्रकार) वर वाय-फायचा एक स्वस्त ड्युअल-बँड यूएसबी डोंगल लावला, काही दिसेना. दुकानात नेला तर 'तुमच्या लिनक्सचा प्रॉब्लेम' म्हणून परत पाठवलं, आणि घरी सगळ्यांसमोर मला ऐकवलं, 'फुकटचं ते फुकटचंच, दाजी.'

डोंगल चांगला होता. टर्मिनलात एलएसयूएसबी (lsusb, जोडलेली यूएसबी यंत्रं दाखवणारी आज्ञा) चालवलं तर क्रमांक दिसला ०बीडीए:१ए२बी. रीअलटेकच्या या चिपा लावल्या लावल्या आधी सीडी असल्याचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजवाल्याला ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारा प्रोग्राम) आतूनच मिळावा. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम त्यांना वाय-फायच्या अवतारात आणतो. तो नसेल किंवा आणत नसेल, तर फाईल मॅनेजरमध्ये दिसणारी सीडी इजेक्ट करा. पुन्हा एलएसयूएसबी चालवा, क्रमांक बदलून सी८११ झालेला दिसेल.

तरी नेटवर्क दिसेना, कारण मिंट २१ चं मूळ कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ आणि या ८८२१सीयू चिपेचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून. अपडेट मॅनेजर, व्ह्यू, लिनक्स कर्नल्स, तिथून ६.८ टाका आणि रीस्टार्ट करा. नेटच नाही तर अपडेट कसं करायचं? मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळतं. केबल डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची असली की लोक अर्धा दिवस डोकं फोडत बसतात. नव्याने टाकणार असाल तर सरळ मिंट २२ घ्या, त्यात ६.८ आधीच आहे.

यूट्यूबवर बघून कुठूनतरी ड्रायव्हर उतरवून कंपाईल करू नका. सिक्युअर बूट (चालू होताना सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल घेतच नाही, आणि पुढच्या कर्नल अपडेटला तेच रडगाणं. शिवाय वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झवर असाल तर डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टाला चिकटवू नका. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चालू झाली की गोंगाटाने सिग्नल पडतो. छोटी एक्स्टेंशन केबल लावून थोडा लांब ठेवा.

आतलं कार्ड बदलायचं असेल तर इंटेल एएक्स२०० मागा. काउंटरवर 'तेच आहे की' म्हणून एएक्स२०१ गळ्यात मारतील. तेच नाही. २०१ चं अर्धं काम प्रोसेसरच्या बाजूला असतं, म्हणून ते इंटेलच्या ठराविक नव्या बोर्डांवरच चालतं. टी४८० मध्ये किंवा एएमडी प्रोसेसरवाल्या लॅपटॉपात ते मेलेलंच.

बॅटरीबद्दल दोन शब्द. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२-४३ अंशांत बॅटरी १०० टक्के भरून ठेवली की ती लवकर म्हातारी होते. टीएलपी हा बॅटरी सांभाळणारा प्रोग्राम टाकून ७५ ला चार्जिंग सुरू, ८० ला बंद असं लावा. पण तुमच्याकडे भारनियमन जोरात असेल तर ही शिस्त परवडायची नाही, तेव्हा १०० च ठेवा. टी४८० ला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या आहेत. बाहेरची संपली की लॅपटॉप बंद न करता बदलता येते, लाईट गेल्यावर याचा उपयोग फार.

हां, आणि सगळंच चालतं असं मी म्हणत नाही. टॅली प्राईम विंडोजचंच. बोटाच्या ठशाचा सेन्सर टी४८० वर सरळ चालत नाही. आधारचं अंगठ्याचं यंत्र घ्यायचं असेल तर लिनक्सची आरडी सर्व्हिस (यंत्राला आधारशी जोडणारा प्रोग्राम) मिळते का हे आधी विचारा. झेरॉक्सवाल्यांकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर कॅननच्याच जुन्या कॅप्ट ड्रायव्हरवर चालतो आणि लिनक्सवर रडवतो. मेहुण्यांनी नेमका तोच घेतलाय. त्यांना म्हणावं, या वेळी दोष प्रिंटरचा.