पहिला संगणक: विंडोज घ्यावी की लिनक्स?

आपण दारव्ह्याजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान सुरू करत आहात, याचा मनापासून आनंद झाला. विंडोज आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या दोन प्रणाली आहेत. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र लावणार असाल तर विंडोजच घ्या, कारण अशा बऱ्याच यंत्रांचे ड्रायव्हर (यंत्र संगणकाशी जुळवणारे सॉफ्टवेअर) तिच्यासाठीच मिळतात. मात्र विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने, जुना संगणक घेत असाल तर तो विंडोज ११ चालवू शकतो का, हे पैसे मोजण्यापूर्वी तपासा. केवळ टायपिंग आणि ब्राउझरचे काम असेल, तर लिनक्सची उबुंटू २४.०४ ही आवृत्ती उत्तम आहे; तिला पाच वर्षे सुरक्षा अद्यतने विनामूल्य मिळतात.

नवशिक्यांच्या हातून दोन चुका हमखास होतात:

- कोणीतरी दिलेली पायरेटेड (विनापरवाना) विंडोज टाकून घेणे.
- अद्यतन सुरू असताना संगणक बंद करणे.

दुसरी चूक आपल्याकडे बहुधा वीजच घडवते. मे महिन्यातल्या एका दुपारी पडद्यावर ४० टक्के दिसत असतानाच लाईट गेली, आणि मला संपूर्ण प्रणाली नव्याने टाकावी लागली. म्हणून यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावरही संगणक थोडा वेळ चालू ठेवणारे यंत्र, आधी घ्या. विंडोज की लिनक्स हा प्रश्न त्यानंतरचा. ग्राहकांची कागदपत्रे दर शनिवारी वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवा. दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर बसवण्याचा खटाटोप पहिले वर्षभर तरी करू नका.