डॉक्टर गोगोलकडे बघताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लघुपटाची संहिता नीट वाचली. लिहितोस चांगलं. संवादांत पाल्हाळ नाही, भीती कुठे वाढवायची याचा अंदाजही तुला आहे. अडलंय ते एकाच ठिकाणी. तुझा नायक त्या मुलीच्या मागे लागतो, तिच्या घरासमोर तासन्‌तास उभा राहतो, तिचे फोटो जमवतो, शेवटी तिला कोंडतो. हे सगळं आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. तिला काय दिसतं, हे मात्र संहितेत कुठेच नाही. शूटिंगची तारीख पक्की करण्याआधी दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंडचा ‘मॅड लव्ह’ हा चित्रपट बघ. १९३५ चा, कृष्णधवल, जेमतेम ६८ मिनिटांचा. एका बैठकीत संपेल. मग पुन्हा लाव आणि या वेळी आवाज बंद ठेव.

गोष्ट पॅरिसमधली. मूळ कादंबरी मोरिस रनार या फ्रेंच लेखकाची, १९२० ची; तिच्यावर १९२४ मध्ये एक मूकपटही झाला होता. रेल्वे अपघातात पियानोवादक स्टीफन ऑर्लाकचे हात निकामी होतात आणि त्या जागी गिलोटिनखाली, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या यंत्राखाली, मेलेल्या खुन्याचे हात बसवले जातात, ही मूळ कल्पना. फ्रॉइंडने पारडं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर गोगोलकडे झुकवलं. हा गोगोल स्टीफनच्या बायकोच्या, इव्हॉनच्या मागे वेडा झालाय. ती भयनाट्यं करणाऱ्या एका थिएटरात नटी आहे. नवऱ्याचे हात वाचवा म्हणून ती गयावया करते, तेव्हा तो तिच्यासाठी खुन्याचे हात जोडतो. पुढे तिच्याकडून नकार आला की त्याच हातांची भीती घालून तिच्या नवऱ्याला वेड लावायला निघतो.

सुरुवातीचा थिएटरातला प्रसंग सावकाश बघ. रंगमंचावर इव्हॉनचा छळ चाललाय, अर्थात नाटकातला. वर बॉक्समध्ये, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या खाजगी कक्षात, गोगोल एकटा बसलाय. पीटर लॉरेने या भूमिकेसाठी डोकं सफाचट केलं होतं. अर्धा चेहरा सावलीत बुडालेला, उजेडात एकच बटबटीत डोळा. ती किंचाळते आणि तो डोळा हळूच मिटतो. बस, एवढंच. या माणसाविषयी जे सांगायचं ते सगळं तिथे सांगून झालंय. ती पोटासाठी रोज रात्री किंचाळते, आणि तो ती किंचाळी स्वतःच्या मालकीची समजून घरी नेतो. प्रयोग संपल्यावर ती आनंदाने सांगते की आता मी रंगभूमी सोडून नवऱ्याबरोबर इंग्लंडला जाणार. तेव्हाचा लॉरेचा चेहरा बघ. घर लुटलं गेल्यासारखा होतो.

मग तो थिएटरातला तिचा मेणाचा पुतळा विकत घेतो, घरी आणून उभा करतो, त्याच्यासाठी ऑर्गन वाजवतो, त्याला गॅलाटिया म्हणतो, म्हणजे ग्रीक कथेतली, घडवणाऱ्याच्या प्रेमाने जिवंत झालेली मूर्ती. पुतळा नाही म्हणत नाही, म्हणून तो त्याला चालतो. तुझ्या नायकाच्या खोलीतल्या भिंतीवरचे फोटो मला इथे आठवले. तू ते सुंदर दिसावेत म्हणून मांडलेस. फ्रॉइंड मात्र हा पुतळा कधीच गोड होऊ देत नाही.

तू म्हणशील, पण मला नायकाचं दुःखही दाखवायचंय. दाखव की. गोगोल गरिबांच्या मुलांवर फुकट शस्त्रक्रिया करतो, त्या मुलांशी तो हळुवार वागतो, आणि लॉरे इतका एकटा वाटतो की पोटात कालवतं. त्या कणवेला चित्रपट खोटं ठरवत नाही. पण तिची किंमत इव्हॉनने मोजावी असंही म्हणत नाही. ती त्याला स्पष्ट सांगते की माझं नवऱ्यावर प्रेम आहे. नकार पहिल्यापासून नकारच आहे आणि शेवटपर्यंत तो पातळ होत नाही. आपल्या सिनेमांत नायकाने मागे लागायचं, मुलीने झिडकारायचं आणि शेवटच्या रिळापर्यंत विरघळायचं, हे इतकं अंगवळणी पडलंय की तुझ्यासारख्या संवेदनशील मुलाच्या लेखणीतूनही ते आपसूक उतरतं. एकतर्फी प्रेमातून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. हा विषय हातात घेतलास तर त्या मुलींचं काहीतरी देणं लागतोस, असं मला मनापासून वाटतं.

तंत्राचं थोडक्यात. फ्रॉइंड मुळात छायालेखक, ‘मेट्रोपोलिस’ हा गाजलेला जर्मन मूकपट त्याने चित्रित केलेला. इथे कॅमेऱ्यावर चेस्टर लायन्स आणि ग्रेग टोलंड. ज्याचे हात स्टीफनला बसवले तो सुरीफेक्या खुनी रोलो जिवंत झाल्याचं सोंग घेऊन गोगोल स्टीफनला भेटतो तो प्रसंग थांबवून थांबवून बघ: काळा चष्मा, हॅट, धातूचे हात, गळ्याभोवती मुंडकं पेलून धरणारा पट्टा आणि कुजबुजता आवाज. जवळपास अंधारच. तुझ्याकडे पैसे नाहीत म्हणतोस, पण या प्रसंगाला लागलंय काय? एक टेबल आणि नेमका प्रकाश. अमेरिकन वार्ताहराचे विनोद मात्र सोडून दे. ते कंटाळवाणे आहेत आणि भीतीचा धागा तोडतात.

आता शेवट. इव्हॉन गोगोलच्या घरात अडकते. तिच्या हातून पुतळा पडून फुटतो, आणि तेवढ्यात तो येतो. ती पुतळ्याच्या जागी उभी राहते. हलायचं नाही, श्वास दिसू द्यायचा नाही. इथे फ्रॉइंड आपल्याला गोगोलच्या बॉक्समधून उठवून तिच्या अंगात नेऊन बसवतो. इतका वेळ जी नुसती दिसत होती, तिच्याबरोबर आपण श्वास रोखतो. घरातला पाळीव काकाकुवा तिच्या गालावर ओरखडा काढतो, ती ओरडते, रक्त दिसतं, आणि गोगोलला वाटतं आपली गॅलाटिया जिवंत झाली. जिवंत झाल्याबरोबर तो तिच्याच वेण्यांनी तिचा गळा आवळायला लागतो. पुढे स्टीफनचा सुरी फेकणारा हात येतो, सुटका होते. ते ठीक आहे, जरा घाईत उरकलंय. माझ्या लेखी चित्रपट त्या न हलणाऱ्या बाईत आहे.

म्हणून तुझा कोंडण्याचा प्रसंग पुन्हा लिही, पूर्ण तिच्या बाजूने. खोलीत ती आधी काय शोधेल? खिडकी, कडी, मोबाइल, की त्याच्या पावलांचा अंदाज? तो बोलत असताना तिची नजर कुठे असेल? तिच्या तोंडी वाक्यं कमी असली तरी चालतील, पण डोकं चालू असलेलं दिसलं पाहिजे. नायकाचा लांबलचक कबुलीजबाब निम्म्यावर आण.

नवा मसुदा झाला की रविवारी घरी ये आणि त्या भूमिकेसाठी जी मुलगी निवडली आहेस तिलाही आण. प्रसंग तिला मोठ्याने वाचू दे. कुठे तिला ‘मी असं करणारच नाही’ असं वाटतं ते ती सांगेल, आणि त्या जागा आपण तिथेच दुरुस्त करू.

तुझा,
सर