वनहक्काचा दावा गावातच पक्का करायचा असतो

चि. हिस अनेक आशीर्वाद,

तुझं पहिलंच पोस्टिंग जंगलालगतच्या गट ग्रामपंचायतीत आणि चार्जमध्ये वनहक्काच्या दाव्यांचं कपाट, म्हणून हे पत्र फक्त त्या कपाटाबद्दल.

जंगलात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना कसत्या जमिनीवर आणि जंगलावर हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे, त्यांत मोठी दुरुस्ती 2012 ची. परिपत्रकांच्या आधी हे वाच. ‘वन खात्याच्या दंडाची पावती नसेल तर दावा घेऊ नका’ अशी तोंडी अट तुझ्याही कानावर येईल. नियमांत ती कुठेच नाही. या कायद्यात दाव्यावर पहिला निर्णय ग्रामसभेचा असतो. उपविभागीय आणि जिल्हा समिती नंतर तपासतात, आणि तपासतात ते गावातून गेलेले कागद. कागद कच्चा असेल तर खरा दावाही पडतो.

आधी सभा कोणाची, ते पक्कं कर. चार पाड्यांची मिळून ग्रामपंचायतीच्या सभागृहात एकच सभा लावली की कोरम, म्हणजे किमान हजेरी, होत नाही. मग शिपाई हजेरीपत्रक घेऊन घरोघर फिरतो, आणि एकाच पेनाच्या एकाच वळणाच्या सह्या प्रांत (उपविभागीय अधिकारी) कार्यालयात बसल्या जागी ओळखू येतात. वनहक्कासाठी पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. 2012 च्या दुरुस्तीनुसार अशा पाड्यांची यादी पंचायतीने करायची, प्रांतांनी ती एकत्र करायची आणि जिल्हा समितीकडून ती अंतिम व्हायची. तुझ्या पंचायतीची यादी गेली आहे का, ते आवक-जावक रजिस्टरमध्ये शोध.

कोरमचं गणित असं. समजा पाड्यात 240 प्रौढ आहेत. मग 120 हजर हवेत आणि त्या हजर लोकांत किमान एक तृतीयांश, म्हणजे 40 महिला. दाव्यांवर ठराव व्हायचा असेल तर वर आणखी एक अट: दावेदार 36 असतील तर 18 जण, स्वतः किंवा त्यांचे प्रतिनिधी, समोर हवेत. हे तिन्ही आकडे इतिवृत्ताच्या सुरुवातीलाच लिही. महिलांच्या सह्यांची पानं वेगळी ठेवलीस तर मोजायला सोपं जातं. अंगठा असेल तिथे पुढे नाव आणि साक्षीदाराची सही. लावणीच्या दिवसांत आणि बाजाराच्या दिवशी सभा लावू नकोस. ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ एवढ्यावर संपवू नकोस. दाव्यागणिक नाव, क्षेत्र, पुरावे आणि निर्णय यायला हवा.

ग्रामसभेने निवडलेली, दावे पडताळणारी वनहक्क समिती 10 ते 15 जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश महिला. सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्याने तसं सांगून त्या पडताळणीतून बाजूला व्हायचं. याची नोंद बहुतेक दप्तरांत नसते.

खरं काम आहे स्थळपाहणीत. तारीख ठरली की दावेदाराला आणि वन विभागाला लेखी कळव, महसूलच्या माणसालाही बोलाव आणि पोच फाइलला लाव. दोन्ही खात्यांच्या माणसांनी हजर राहून पदनाम, तारीख आणि अभिप्रायासह सही करायची असते. ते आले नाहीत तर भांडू नकोस. पंचनाम्यात ‘नोटीस दिली, गैरहजर’ लिही आणि पाहणी पुरी कर. गैरहजेरीच्या कारणाने त्यांनी मागाहून हरकत घेतली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो, आणि तेव्हाही ते आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. हा नियम तुझ्या हातात आहे, पण पोच असेल तरच.

जीपीएसने हद्द चालताना ज्या कोपऱ्यापासून निघालात तिथेच परत या. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बिंदू घ्या. दाट झाडीत आणि दरीत यंत्र काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि चिंचोळ्या तुकड्यात तेवढ्याने क्षेत्र बदलतं. सोबत हाती नकाशा हवाच: नाला, बांध, मोहाचं झाड, वन खात्याचा हद्दीचा दगड, शेजारच्या कसणाऱ्याचं नाव.

क्षेत्र लिहिताना सर्वांत जास्त घोळ होतो. लोक सांगतात ‘दोन एकर वीस गुंठे’, कोणीतरी ते 2.20 असं टिपतं, आणि संगणकावर ते 2.20 हेक्टर होऊन बसतं. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते अडीच एकर. हेक्टरमध्ये जेमतेम 1.01. दावा 2.20 चा आणि मोजणी 1.01 ची दिसली की वरच्याला वाटतं दावेदार खोटं बोलला. एकक शब्दांत लिही. वैयक्तिक दाव्याला कमाल 4 हेक्टर, पण मिळतं ते प्रत्यक्ष कसत असलेलंच क्षेत्र.

पुरावे एकाहून अधिक हवेत, म्हणजे निदान दोन. ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला पाहिजे. दावेदार आदिवासी नसेल तर त्या तारखेआधी 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्यांचं तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. कागद नसलेल्याला परत पाठवू नकोस. जुना बांध, सपाटीकरण, विहीर, घराचं जोतं हेही पुरावेच आहेत. वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, मात्र तो माणूस स्वतः दावेदार नसावा. ‘आम्ही पूर्वीपासून कसतो’ असा छापील जबाब कोणी वाचत नाही. बांध कोणी घातला, त्या साली गावात काय घडलं होतं, हे विचारून त्यांच्या शब्दांत उतरव. उपग्रह चित्र पूरक आहे. तेवढं एक बघून दावा नाकारता येत नाही, हे कोणी विसरलं तर नम्रपणे आठवण कर.

विवाहित दावेदाराच्या अर्जावर नवरा-बायको दोघांची नावं आहेत ना, ते बघ. हक्कपत्र संयुक्त निघायचं असतं.

वैयक्तिक दाव्यांच्या गर्दीत सामूहिक वनसंसाधनाचा दावा, म्हणजे गावाच्या परंपरागत जंगलावर साऱ्या गावाचा हक्क मागणारा अर्ज (नमुना क), हमखास मागे पडतो. माझ्या मते तो आधी घ्यावा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर असा हक्क मिळाला. वैयक्तिक दाव्यांची बेरीज कुठल्याच पाड्यात तिथवर जाणार नाही. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांची संयुक्त बैठक आधी घे.

दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर ते कारणांसह दावेदाराला व्यक्तिशः कळवावं लागतं. फलकावर यादी डकवणं म्हणजे कळवणं नव्हे. कळल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागता येते, म्हणून पत्र ज्या दिवशी हातात दिलंस ती तारीख सहीसह घे आणि मुदत कधी संपते ते तोंडी सांग. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही.

हक्कपत्र वाटलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि अभिलेखातली नोंद राहून जाते. अंतिम नकाशा आणि महसूल व वन अभिलेखातली नोंद उशिरात उशिरा तीन महिन्यांत व्हायला हवी. तलाठ्याकडे यादी घेऊन जा आणि पोच घे.

कळावे.

ता. क. मूळ कागद फाइलला लावू नकोस. छायाप्रत घे, मुळाशी ताडून ‘मूळ पाहिले’ लिहून सही कर आणि मूळ त्याच वेळी परत दे. पूर्ण दाव्याचे तीन संच कर: एक वर पाठवायला, एक ग्रामसभेच्या दप्तराला, एक दावेदाराला.